उकंडरावकडचं पाकीट

...अन् वरून म्हणते, ‘बाबा, कोणाला सांगू नका!’ अहो, सांगू कोणाले? तुम्हीच सांगा मले, सांगू कोणाले? सकाळी सहाले दूधवाला येते, गंजात दूध ओतते, गाडी बंदसुद्धा करत नाही, त्याले सांगू? नऊले अन्नपूर्णाबाई येतात स्वयंपाकाले, अजून दोघायच्याच अंदाजानं पोळ्या लाटतात, मी काही बोलत नाही, उरलेल्या गाईले घालतो. त्यायच्या कानात वायरी, वायरीत कीर्तन, त्यायले सांगू? दुपारी एक मांजर येते, ते बी आपलं नाही, शेजारच्यायचं आहे, माह्या घरी फक्त झोपाले येते. त्याले सांगू?

तुम्हाले सांगतो, मी उद्धव, डोणगावच्या पोस्टाचा पोस्टमास्तर. म्हणजे होतो, आता रिटायर. चौतीस वर्षं! कोणाची नोकरीची ऑर्डर आली, कोणाचं स्थळ फिसकटलं, कोणाच्या जावयानं सासऱ्याले काय काय लिहिलं, सगळं माह्या हाताखालून गेलं. पोस्टकार्ड तर उघडंच असते, मी काय डोळ्याले पट्टी बांधू? पण एक अक्षर बाहेर गेलं नाही. गंधारची आई विचारे, ‘काय हो, त्या पाटलाच्या पोरीचं पत्र आलं म्हणे?’ माह्यं उत्तर ठरेल होतं, ‘पोळी वाढ.’ ती चिडे, पोळी आपटे, पण वाढे. आता ती नाही. दोन वर्षं होत आली. अन् अशा माणसाले, ज्यानं अख्ख्या गावाचं पोटात ठेवलं, त्याले त्याचाच पोरगा येऊन शिकवते, की कोणाला सांगू नका!

गंधार आमचा एकुलता एक. पुण्याले शिकाले गेला, तिथं त्याची भाषा धुऊन इस्त्री होऊन आली, अन् आता आहे पोर्तुगालले. गावात सांगितलं तर लोक म्हणे, म्हणजे गोव्याले का? म्हटलं नाही, ज्यायनं गोवा घेतलता त्यायच्या घरी. कॉम्प्युटरचं काही तरी करते. आईच्या वर्षश्राद्धाले आठ दिवस आला होता, तेव्हाची गोष्ट. म्हणे, ‘बाबा, फोन द्या जरा.’ मले वाटलं आईचे फोटो पाहाचे असतील. देल्ला. अर्धा तास काय काय दाबलं अन् म्हणे, ‘हे घ्या, तुमचं पाकीट.’

पाकीट? मी इकडं पाहतो, तिकडं पाहतो, कुठं आहे पाकीट? तर फोनमध्ये! म्हणे यात नाणं आहे. नाणं? मी फोन हलवून पाह्यला, खरंच सांगतो, हलवून पाह्यला.

‘बाबा, तुमच्या भाषेत सांगतो. बाकीची डिजिटल नाणी म्हणजे पोस्टकार्ड. कोणी कोणाला किती पाठवलं, जगात कोणीही बसून वाचू शकतं. आणि हे नाणं म्हणजे चिकटवलेलं पाकीट. कोणी पाठवलं, कोणाला, किती... कोणालाच दिसत नाही.’

आता पोस्टमास्तरच्या पोरानं असं बोलल्यावर छाती भरून येणार नाही का? तरी विचारलं, ‘चोरीचं तर नाही ना बे काही?’

‘नाही हो. टॅक्स मी भरतो सगळा. लपवायचं म्हणून नाही, बाबा. आपण खिडक्यांना पडदे लावतो ना, तसं.’

पडदे! पडदे त्याच्या आईनं शिवेल होते. मी त्या पडद्यायकडं पाहत होतो अन् हा पुढचं पुढचं सांगून राह्यला होता. म्हणे, ‘पण वापरायचं हं बाबा, नुसतं ठेवून काय उपयोग? रोजच्या बारीकसारीक गोष्टींना वापरा. माणसांनी वापरलं तरच ते जिवंत राहतं.’ म्हटलं हाव. आता ‘जिवंत राहतं’ म्हटल्यावर नाही कसं म्हणू?

अन् मंग ते पंचवीस शब्द! इंग्रजी. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. टॉवेल काय, पेलिकन काय, कांदा काय! म्हणे ही किल्ली. फोन गेला, चोरीले गेला, फुटला, तरी हे शब्द असले की सगळं परत येते, अन् शब्द गेले की ब्रह्मदेवबी काही करू शकत नाही. ना बँक, ना कस्टमर केअर. ‘हातानं लिहा बाबा. फोटो काढायचा नाही. मेलवर ठेवायचं नाही. फोन करून कोणी विचारलं तर सांगायचं नाही, मी विचारलं तरी सांगायचं नाही. दोन कागद करा. एक घरात, एक दुसऱ्याच्या घरी. समजा घराला आग लागली तर?’

‘दुसऱ्याच्या म्हणजे कोणाच्या?’

‘विश्वासाचा कोणी तरी माणूस हो! असेल ना कोणी?’

असं म्हणून तो बॅग भरून गेला पोर्तुगालले. ‘असेल ना कोणी!’ जसं काही डब्यात लवंग असेल ना, तसं.

बरं, आधी वापराचं तर पाहू म्हटलं. गेलो प्रज्वलच्या सलूनमध्ये. दाढी झाली, मी ऐटीत फोन काढला, म्हटलं प्रज्वल, आज नव्या नाण्यात देतो. तो म्हणे, ‘काका, हे कोणत्या बँकेचं?’ ‘बँक नसते.’ ‘मंग गडबड झाली तर तक्रार कोणाकडं कराची?’ ‘कोणाकडंच नाही.’ त्यानं वस्तरा पुसला, शांतपणे. म्हणे, ‘मंग काका, नोट द्या.’

म्हटलं गाव लहान आहे, समजत नाही, शेगावले जाऊ. तिथं दुनियाभरचे लोक येतात. दर्शन घेतलं, बाहेर आलो, कचोरीवाल्याले म्हटलं दोन दे, अन् फोन पुढं केला. त्याले सगळं समजावून सांगितलं, कोणी देल्ले, किती देल्ले, कोणालेच दिसत नाही! मागे रांग. तो म्हणे, ‘बाबाजी, पैसे आल्याचं दिसणार नाही?’ म्हटलं तुले दिसन, दुनियेले नाही दिसणार, तेच तर त्याची खासियत आहे. म्हणे, ‘मंग कचोरी बी नाही दिसणार. पुढं चला.’ रांगेतले सगळे हासले. मीबी हासलो. एकट्यानं गेलं की हासावंच लागते, नाही तर लोक पाह्यतात.

शेवटी तुम्हाले सांगतो, हे नाणं घेणारा अख्ख्या दुनियेत मले एकच माणूस सापडला. गंधार! मी रविवारी साडेचारले चिमूटभर पाठवो, तो पाहून फोन करे, ‘आलं बाबा.’ अन् तो तेवढंच परत पाठवे. मी म्हणो, ‘आलं रे.’ तेच नाणं जाते पोर्तुगालले, तेच येते डोणगावले. टपालाची थैली जशी! पण एक गोष्ट झाली, आधी महिना-महिना फोन नसे, आता दर रविवारी. अन् विचारे काय? ‘बाबा, कागद नीट आहे ना? ओल नाही ना लागली? उंदीर वगैरे?’ म्हटलं, कागद मजेत आहे बाबा. कागदाले सर्दी नाही, कागदाचं बीपी नॉर्मल, कागद सकाळी फिराले जाऊन राह्यला. त्याले ते समजलं नाही. म्हणे, ‘गुड. आणि दुसरा कागद? दिला का कोणाला? ज्याला द्याल त्याच्याशिवाय कोणाला सांगू नका हं.’

अहो, सांगू कोणाले? अन् देऊ कोणाले?

मी वही घेऊन बसलो. विश्वासाची माणसं. एक नंबर लिहिला, भाऊराव. भाऊराव माह्या शेजारच्या टेबलवर बावीस वर्षं शिक्के मारे, त्याच्यासारखा माणूस नाही. पण तो तीन वर्षांमागं वारला. खोडलं. मंग पुतण्या शेखर, चिखलीले राह्यते, भला पोरगा, पण त्याची बायको अर्पिता, ती घरचं वरण-भात बी फोटो काढून साऱ्या दुनियेले दाखवते, तिच्या घरात पाकीट ठेवलं तर त्याच्यावर फूल ठेवून फोटो टाकन. खोडलं. अन्नपूर्णाबाई... बाई सोन्यासारखी, पण घरी सात माणसं अन् एक कपाट. खोडलं. बस. वही संपली नव्हती, माणसं संपली. पासष्ट वर्षं जगलो, पोस्टात सारा गाव ओळखते, लग्नाच्या पत्रिका येतात, ‘रामराम मास्तर, रामराम मास्तर’, अन् एक पाकीट ठेवाले माणूस नाही! त्या दिवशी जेवण गेलं नाही, खोटं कायले सांगू.

अन् मंग मले उकंडराव आठवला.

आता हा उकंडराव कोण, तर स्टँडजवळ त्याचं दोर-पत्र्याचं दुकान होतं. माह्याशी बावीस वर्षं बोलला नाही. काऊन नाही बोलला? ऐका. त्याची बहीण कोकिळा, तिनं मनानं लग्न केलं अन् उंद्रीले गेली. बापानं नाव टाकलं, तिचं नाव घराच्या उंबऱ्यात काढाचं नाही! पण उकंडराव भाऊ ना शेवटी, तो दर महिन्याले गुपचूप मनीऑर्डर करे. अन् एक दिवस बापाले समजलं. घरात महाभारत! उकंडरावनं सरळ माह्यं नाव घेतलं, की मास्तरनं फोडलं.

मी! मी फोडणार? तुम्हाले सांगतो काय झालं होतं. त्याचं अक्षर कोणाले वाचता येत नसे, म्हणून फॉर्म मी भरून देवो. अन् त्याचा आवाज असा, की तो कानात बोलला तरी स्टँडवरची यष्टी थांबन. मी खिडकीतून हळूच विचारो, ‘नाव?’ तो ओरडे, ‘को-कि-ळा!’ ‘गाव?’ ‘उंद्री! उं-द्री!’ अन् मागे अकरा माणसं रांगेत, त्यातला एक त्याच्याच बापाचा साडू! म्हणजे उकंडरावनंच फोडलं, स्वतःच्या तोंडानं. पण मी त्याले कधी म्हटलं नाही, की बाबा तूच ओरडला. कायले म्हणू? बहिणीसाठी करत होता बिचारा. पोटात ठेवलं. बावीस वर्षं.

तर मी दुसरा कागद पाकिटात घातला, डिंकानं चिकटवलं, लाख लावली, चारी बाजूनं सही केली अन् गेलो त्याच्या घरी. ओट्यावर बसेल होता. बायको गेलेली, पोरगा सागर सुरतले, एकटाच. मले पाहून उठला नाही. म्हटलं, ‘उकंडराव, हे पाकीट ठेवाचं आहे तुह्याकडं.’

‘काय आहे त्याच्यात?’

‘सांगता येत नाही.’

‘मंग मी काऊन ठेवू?’

मी रस्त्यानं विचार करत आलतो, म्हटलं, ‘तू माह्याशी बोलत नाहीस म्हणून. जो माह्याशीच बोलत नाही, तो माह्याबद्दल दुसऱ्याशी काय बोलणार?’

तो म्हणे, ‘बोलतो ना. बावीस वर्षं तुह्याबद्दलच तर बोलून राह्यलो.’

आता घ्या! मी वळलो. पण मागून आवाज आला, अन् त्याचा आवाज म्हणजे... म्हणे, ‘मास्तर! कोकिळा गेली. मागच्या साली.’ मी थांबलो. मले माहीत नव्हतं. पोस्टात असतो तर माहीत झालं असतं. म्हणे, ‘जाच्या आधी म्हणे मले, दादा, त्या मास्तरनं नव्हतं सांगितलं. तू मनीऑर्डर करे तेव्हा तुहा आवाज उंद्रीपर्यंत येत होता.’

मले हासू आलं. अन् डोळ्यातबी काही तरी आलं, दोन्ही एकदम. म्हटलं, ‘मंग साल झालं, सांगाले आला काऊन नाहीस?’

‘लाज वाटली.’

‘सालभर?’

‘बावीस वर्षाची लाज सालभरात जाते का बे?’ असं म्हणून त्यानं पाकीट घेतलं, आत गेला, पेटी उघडल्याचा आवाज, कुलपाचा आवाज. बाहेर येऊन म्हणे, ‘चहा घेतोस?’

त्या दिवसापासून दर गुरुवारी मी पाकीट पाहाले जाऊन राह्यलो. पाकिटाले काय पाहाचं? पेटीत आहे, पेटीले कुलूप आहे. पण नियम म्हणजे नियम. तो पेटी उघडे, मी लाख पाहो, सही पाहो, तो कुलूप लावे, मंग चहा. एका पाकिटाले तीन-तीन तास लागत.

इकडं घरचा कागद! तो मी आधी देव्हाऱ्यात ठेवला, मंग वाटलं दिव्यानं जळन. मंग तांदळाच्या डब्यात, मंग वाटलं अन्नपूर्णाबाई शिजवून टाकतील. मंग गादीखाली, मंग पंचांगात, मंग... मंग कुठं ठेवला ते मलेच आठवेना! चार दिवस घर उलटं केलं. अन्नपूर्णाबाईयनं पहिल्यांदा कानातल्या वायरी काढल्या, म्हणे, ‘काय शोधून राह्यले?’ म्हटलं, काही नाही. कारण कोणाले सांगू नका! गंधारची आई असती ना, तर उठून न पाहता म्हणाली असती, ‘ते काय, शिलाई मशीनच्या खणात.’ मी उठून शिलाई मशीनचा खण पाह्यला. तिथं नव्हता. पण मी जराक वेळ तो खण उघडाच ठेवला.

अन् तुम्हाले सांगतो, संकट येते तेव्हा रांग लावून येते. पुढच्याच आठवड्यात हौदातून बादली काढता काढता खिशातला फोन गेला आत. बुडुक! संपलं. घरचा कागद हरवला, फोन बुडाला, आता राह्यलं उकंडरावकडचं पाकीट. डिंपलच्या दुकानातून नवा फोन घेतला अन् उकंडरावच्या ओट्यावर जाऊन बसलो. त्याच्या फोनवरून गंधारले लावलं. गंधार म्हणे, ‘घाबरू नका बाबा, शब्द आहेत ना? मी सांगतो तसं करा, मग एकेक शब्द टाका. मनातल्या मनात वाचा, मोठ्यानं नको.’

लाख फोडली. अन् माह्या चष्म्याचा नंबर वाढेल होता, एकदम कागद अन् फोन दोन्ही दिसत नाही! म्हटलं, ‘उकंडराव, तू वाच, मी टाकतो. हळू वाच.’

हळू! त्यानं घसा साफ केला अन्, ‘टॉवेल!’

समोरच्या घरची बाई बाहेर आली, वाटलं टॉवेलवाला आला.

‘हळू बे!’

‘हळूच आहे. पुढं. एन, ई, पी, एच, ई, डब्ल्यू. नेपहेव!’

‘नेफ्यू. पुतण्या, पुतण्या.’

‘मंग पुतण्या लिव ना! बरं. कांदा. ऑनियन. पुढं, पे-ली-कन! हे काय आहे?’

‘पक्षी आहे.’

‘खातात का?’

फोनमधून गंधार, ‘बाबा, मागे कोण ओरडतंय?’ म्हटलं, रेडिओ आहे बाबा, शेतकऱ्यायचा कार्यक्रम. असे चोवीस झाले. पंचविसाव्याले उकंडराव अडून बसला. म्हणे, ‘टॉवेल तर झाला ना! दोनदा लिवला तू. चुकला बे मास्तर!’ आता त्याले काय सांगू, की शेवटचा शब्द आधीच्यातलाच असते, तो बाकीच्यायवर राखण करते. म्हणे, ‘नाही, मी चुकीचं वाचणार नाही.’ अन् मी म्हणतो वाच, अन् तो म्हणते नाही, ओट्याखाली चार पोरं अन् दोन बाया जमेल, अन् शेवटी आम्ही दोघं एकदम ओरडलो, ‘टॉवेल!’

अन् आलं हो! गोल गोल फिरलं, फिरलं, अन् सगळं नाणं जिथल्या तिथं. उकंडरावनं माह्या पाठीवर अशी थाप मारली, की मलेच परत सुरू करावं लागलं असतं. इतका खूश मी रिटायर झाल्यापासून झालो नव्हतो.

गंधारनं सगळं ऐकलं होतं. मंग म्हणे, ‘बाबा, तो रेडिओ नव्हता.’

‘नव्हता.’

‘शब्द कोणी ऐकले की ते पाकीट सुरक्षित राहत नाही. मी तुम्हाला आज नवीन करून देतो. नवे शब्द, नवा कागद. आणि बाबा... दुसरा माणूस शोधा.’

दुसरा माणूस शोधा! उकंडराव बाजूलेच. फोन स्पीकरवर. तो कागदाची घडी घालत बसला, चार घड्या, पाच घड्या. मी म्हटलं, ‘गंधार, असं कर. नाणं तू घेऊन जा, तुह्याकडं राहू दे. माणूस मी ठेवतो.’

‘बाबा, माणसाबद्दल नाहीये हे, सिस्टीमबद्दल आहे.’

‘हाव. म्हणूनच.’

मंग म्हणे, ‘ठीक आहे बाबा. तुम्हाला बरं वाटतंय ना?’ पहिल्यांदा! कागदाले नाही, मले विचारलं. म्हटलं, बरं वाटून राह्यलं. अन् नाणं गेलं पोर्तुगालले, जसं आलं तसं, कोणाले न दिसता.

आता तुम्ही म्हणसान, झालं ना गोड. कायचं गोड? पुढच्या रविवारी फोन आला. ‘कसे आहात?’ ‘बरा आहे.’ ‘जेवण?’ ‘झालं.’ बस, फोन ठेवला. पह्यले निदान कागदाच्या ओलीचा विषय होता, उंदराचा विषय होता! आता विचाराचं काय? त्याच्या पुढच्या रविवारी फोन नाही आला. कामात असन. तिथलं घड्याळबी मागं आहे. मी साडेचारपासून बसलो, पाच वाजले.

पाचले उकंडराव आला. आता तो रविवारीबी येते. म्हणे, ‘आला का पोराचा फोन?’

म्हटलं, ‘आला ना. आत्ताच ठेवला. अन् तुह्या सागरचा?’

‘आला. दुपारी आला. लय वेळ बोलला. सोडेचना!’

आता त्याच्या गल्लीत सकाळपासून लाइट नव्हती, अन् त्याचा फोन सकाळी आठपासून माह्याच टेबलवर चार्जिंगले लागेल होता. दिवसभर एकदाबी वाजला नाही. मी म्हटलं, ‘चांगलं झालं,’ अन् चहा ठेवला. चौतीस वर्षं पोस्टात काढली हो... एवढं तर समजते.